टिकलीचे आठ महिने: पोटाच्या आजारासाठी हायड्रोलाइज्ड खाद्य, खेड्यातल्या घरातून

आमची मांजर टिकली सहा वर्षांची आहे. पांढरीशुभ्र, कपाळावर एकच काळा ठिपका. गेल्या दिवाळीत तिचं वजन २ किलो ७०० ग्रॅम होतं. परवा किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर थैलीत बसवून मोजलं तर ३ किलो ५५० भरलं. मधल्या काळात काय काय झालं ते सविस्तर लिहितेय. मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या खेड्यात राहते. दिवाळीत माहिती शोधत होते तेव्हा जे सापडलं ते सगळं शहरातल्या बंद फ्लॅटमधल्या मांजरांचं होतं. आमच्याकडे मांजर पाच घरी जेवते.

आजार दीड वर्ष जुना. आठवड्यातून चार-पाच उलट्या, शी पातळ, कधी चिकट शेंब असलेली, कधी रक्ताची रेघ. जवळच्या दवाखान्यात जंताचं औषध झालं, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. दर वेळी पंधरा दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. गावात ढोरांचं सगळं जाणणारी माणसं आहेत, पण मांजरीच्या पोटाचं कोणी बोलत नाही. सासूबाई एक दिवस तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अवं, थे नुसती हाडं राह्यली." त्याच आठवड्यात पॅसेंजरने अकोल्याला नेलं.

तिथे शी तपासली, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. आतड्याची भिंत जाड झालेली दिसली. डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं की ही जुनाट सूज आहे की एका प्रकारचा कॅन्सर, हे आतड्याचा तुकडा तपासल्याशिवाय नक्की कळत नाही, दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात. तिच्या त्या वजनात भूल द्यायची आमची हिंमत झाली नाही. आधी खाणं बदलून पाहायचं ठरलं, कारण बऱ्याच मांजरांचं पोट एवढ्यानेच सुधारतं आणि फरक पडायचा असेल तर दोन ते चार आठवड्यांत दिसतो. खाज-जखमांची ॲलर्जी असेल तर आठ आठवडे धीर धरावा लागतो.

आता खाद्याबद्दल. आमच्या पिशवीत हायड्रोलाइज्ड सोया प्रोटीन आहे. शरीरातल्या राखणदार पेशी प्रोटीनला त्याच्या आकारावरून ओळखतात. कारखान्यात ते प्रोटीन इतकं बारीक तोडलेलं असतं की त्या पेशींना ओळख पटत नाही आणि आतड्यात भडका उडत नाही. मी हे घरी समजावलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मंग आपल्या घरचंच सोयाबीन शिजवून दे ना तिले." प्रश्न रास्त होता, सोयाबीन आमच्याकडे पोत्यांनी असतं. पण शिजवल्याने प्रोटीन तसं तुटत नाही. शिवाय मांजर हा पूर्ण मांसाहारी जीव. टॉरिन नावाचा घटक तिला खाण्यातूनच मिळावा लागतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. म्हणून दूध-भाकर, दहीभात किंवा स्वस्त पडतं म्हणून कुत्र्याचं खाद्य, यावर मांजर महिनोन् महिने ठेवू नका. मोठ्या मांजरीला दूध तर बहुतेक वेळा पचतच नाही. टिकली पाच वर्षं आमच्याकडे दूध-भाकर खात होती, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

पहिले तीन दिवस कठीण गेले. ती पिशवीतले दाणे हुंगून निघून जायची. घरातले म्हणाले, भूक लागली की खाईल. मांजरीच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि जिवावर बेततं. आम्ही जुन्या खाण्यात चिमूटभर नवं मिसळून दहा दिवसांत बदल केला. दाण्यांवर कोमट पाणी टाकून दहा मिनिटं भिजवलं की वास सुटतो, मग खाते. अजूनही तसंच देते.

बाराव्या दिवशी पहिल्यांदा बांधीव शी झाली. मी ती घरातल्या सगळ्यांना दाखवली. ज्यांच्या घरी असं जनावर आहे त्यांनाच हा आनंद कळेल.

खाद्याच्या जोडीला दर आठवड्याला बी-१२ चं इंजेक्शन, असे सहा आठवडे. आतड्याचा शेवटचा भाग खराब असेल तर हे जीवनसत्त्व शोषलंच जात नाही आणि ते कमी असलं की भूकही मरते. प्रेडनिसोलोन (सूज कमी करणारी स्टेरॉइडची गोळी) हेही होतं, डॉक्टरांनी हळूहळू कमी करत चौथ्या महिन्यात बंद केलं. ही गोळी मनाने सुरू करू नका आणि मनाने बंदही करू नका. त्यामुळे आलेल्या गुणाचं सगळं श्रेय मी पिशवीला देत नाही. पण गोळी बंद होऊन चार महिने झाले आणि पोट टिकून आहे, ते या खाण्यावरच.

खरी लढाई मात्र दाराबाहेर होती. शेजारच्या काकूंकडे धरणाची मासोळी आली की टिकलीचा वाटा ठरलेला. समोरच्या घरी रविवारची कोंबडी. तिसऱ्या आठवड्यात काकूंनी मायेने मासोळीचं एक डोकं टाकलं आणि दुसऱ्या रात्री चार उलट्या, सकाळी रक्त. मी काकूंना त्या शीचा फोटो दाखवला. त्या दिवसापासून त्यांनी स्वतः तिला हाकलायला सुरुवात केली. मी पाचही घरी जाऊन सांगून आले की हिला मधुमेहाच्या माणसासारखं पथ्य आहे. आमच्याकडे 'पथ्य' म्हटलं की लोक ऐकतात, 'ॲलर्जी' म्हटलं तर हसतात. खिडक्यांना जाळी बसवली, कारण उंदीर आणि पाल हेही प्रोटीनच. तसंही शेताजवळ उंदराचं औषध टाकलेलं असतं, ती घरात राहिली हे बरंच झालं.

घरात ठेवल्यावर घमेल्यात चाळलेली रेती भरून दिली. काळी माती पायाला चिकटते, ती नको. या घमेल्यामुळे माझ्या लक्षात आलं की आधी आम्हाला तिच्या आजाराची अर्धीच माहिती होती. मांजर बाहेर उकरून झाकते, आपल्याला फक्त उलट्या दिसतात. आता रोज कॅलेंडरवर शीची खूण करते: बांधीव, मऊ, पातळ. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासणीला गेल्यावर सगळ्यात आधी ते कॅलेंडरच पाहिलं.

दोन महिन्यांनी, पोट शांत झाल्यावर, जुने पदार्थ एकेक करून परत देऊन पाहिले. हे टाळावंसं वाटतं, पण त्याशिवाय नेमकं कशाने होतं ते कळत नाही. सासूबाई माळकरी, म्हणून कोंबडी अंगणातल्या चुलीवर वेगळ्या भांड्यात उकळली, मीठ-कांदा काही नाही (कांदा-लसूण मांजरीला विषारी). तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं. बोकडाचं मटण पंधरा दिवस दिलं, काही झालं नाही. तेव्हा कोंबडी आणि मासोळी कायमची बंद, मटणाचा तुकडा कधीतरी.

मार्चमध्ये एकदा कारण कळेचना. सगळं पथ्य नीट असताना पातळ शी. शेवटी सापडलं: जंताची नवी गोळी चवीची होती, आणि अशा चवीत मांसाचा अंश असू शकतो. आता प्रत्येक औषधाला आधी विचारते की बिनचवीची मिळेल का.

गावातल्या अडचणी वेगळ्याच. कुरिअर इथपर्यंत येत नाही, मूर्तिजापुरात नातेवाइकांच्या दुकानावर पार्सल घेते. एकदा अकरा दिवस लागले आणि डबा रिकामा व्हायला आला होता, तेव्हापासून पंधरा दिवसांचं खाणं कायम शिल्लक ठेवते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा उघड्या पिशवीला खवट वास यायला लागला. ती पिशवी फेकली. आता दीड किलोचीच घेते, पिशवीसकट स्टीलच्या डब्यात घालून आतल्या खोलीत जमिनीवर ठेवते. भिजवलेलं खाणं अर्ध्या तासात संपलं नाही तर टाकून देते. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा, बोअरचं पाणी तिला आवडतच नाही आणि कोरड्या दाण्यात पाणी नावापुरतं. मातीच्या तीन वाट्यांत जारचं पाणी तीन जागी ठेवल्यावर ती नीट प्यायला लागली.

खर्च महिन्याला दोन-अडीच हजार रुपये. कापूस विकल्यावर सोपं वाटतं, पेरणीच्या दिवसांत जड जातं. कमी प्रमाणात विकत मिळालं असतं तर फार बरं झालं असतं, कारण मांजर हे खाईल की नाही हे न कळता पूर्ण पिशवी घ्यावी लागते. सगळ्याच मांजरांना याचा गुण येतो असंही नाही. महिनाभर कडक पथ्य पाळूनही फरक नसेल तर पिशव्या बदलत बसू नका, पुढची तपासणी करा. विदर्भात अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आणि नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय या शिकवणाऱ्या संस्था आहेत, तिथवर जाण्याचा विचार नक्की करा.

उलट्या आता महिन्यातून एखादी, तीही बहुधा केसांच्या गोळ्याची. पोळ्यानंतर अकोल्याला पुन्हा सोनोग्राफी आहे. तोवर डब्याची किल्ली सासूबाईंकडे. सकाळी सहाला त्या दाणे मोजून भिजवतात, आणि टिकली त्यांच्या पदराशी बसून वाट पाहते.