एकट्याची मैफल पडद्यावर: यंग, स्प्रिंगस्टीन की केव्ह?

बँड नाही, ढोल-ताशा नाही, मागे नाचणारं कोणी नाही. एक माणूस, एक गिटार किंवा पियानो, आणि कॅमेरा. अशा मैफलींचे चित्रपट मला फार आवडतात, त्यामुळे ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच: सुरुवात कशापासून करू? नील यंगचा जुना चित्रपट, त्याचाच अलीकडचा, ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ब्रॉडवेवरचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहातला प्रयोग, की निक केव्हचा रिकाम्या सभागृहातला? तिघेही रॉक संगीतातले, स्वतःची गाणी लिहून गाणारे. चारही मी एकाहून जास्त वेळा पाहिले आहेत. चारही चांगले आहेत, पण एकाला भावलेला दुसऱ्याला अर्ध्यात बंद करावासा वाटेल इतके ते एकमेकांहून वेगळे आहेत.

निवड करताना मला चाहत्यांच्या कौतुकापेक्षा त्यांच्या कुरकुरीचा जास्त उपयोग झाला. अंगावर काटा आला, डोळे भरून आले, हे चारही चित्रपटांबद्दल ऐकायला मिळतं. कुरकुर मात्र नेमकी असते. ‘फार बोलतो’, ‘एकदाही बोलत नाही’, ‘गाणी तीच ती’, ‘गाणं मध्येच तोडलं’. त्यातली कोणती तक्रार तुम्हाला खटकेल आणि कोणती चालून जाईल, एवढं ओळखलं की उत्तर बरंचसं मिळतं.

स्प्रिंगस्टीनपासून सुरू करतो, कारण तिथे मतभेद सगळ्यात मोठे आहेत. ‘स्प्रिंगस्टीन ऑन ब्रॉडवे’ हा प्रयोग न्यूयॉर्कच्या वॉल्टर कर थिएटरमध्ये ऑक्टोबर 2017 ते डिसेंबर 2018 या काळात 236 वेळा झाला. थिएटर जेमतेम हजार खुर्च्यांचं, तिकिटं 75 डॉलरपासून 850 डॉलरपर्यंत, आणि पुन्हा विकली जाणारी तिकिटं त्याच्याही कितीतरी वर. ज्या गायकाने आयुष्यभर कामगारांची, छोट्या गावांची गाणी गायली, त्याला ऐकायला एवढे पैसे मोजायचे, हे अनेक जुन्या चाहत्यांना लागलं. मला ते समजू शकतं. म्हणूनच शेवटच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी, 16 डिसेंबर 2018 ला, थॉम झिम्नीने दिग्दर्शित केलेला चित्रपट नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा ज्यांना आत जाता आलं नव्हतं त्यांच्यासाठी दार उघडल्यासारखं झालं.

दुसरी तक्रार खोल आहे. स्प्रिंगस्टीनच्या मैफली तीन-तीन तास चालतात, रोज गाण्यांचा क्रम बदलतो, लोक फलक धरून फर्माईश करतात आणि तो ती उचलतो. कोणत्या गावी कोणतं गाणं किती वर्षांनी झालं याच्या वह्या ठेवणारे चाहते आहेत. त्यांच्यासमोर आला तो लिहून, बसवून केलेला प्रयोग: रोज जवळपास तीच गाणी, तीच वाक्यं, तेच थांबे. शिवाय गाण्याइतकंच बोलणं. 2016 साली आलेलं त्याचं आत्मचरित्र ज्यांनी वाचलं होतं, त्यांना बरेचसे किस्से माहीत होते. ही मैफल नाही, हे पुस्तकाचं वाचन आहे, असं म्हणणारे त्यांच्यातच निघाले.

आपल्याकडच्या माणसाला हा आक्षेप कमी टोचेल असं मला वाटतं. एकपात्री प्रयोगाची सवय आपल्याला आहे. एक माणूस दोन-अडीच तास आपलं गाव, आपला बाप, आपले दोस्त उभे करतो आणि मधूनच गातो, हा प्रकार मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. तीच वाक्यं रोज म्हणणं हा नाटकात दोष नसतो. ती आजच सुचल्यासारखी म्हणता येणं हे कसब असतं, आणि स्प्रिंगस्टीनकडे ते आहे. सुरुवातीलाच तो कबूल करतो की ज्या कारखान्यांच्या गाण्यांवर आपलं नाव झालं, तसल्या कारखान्यात आपण कधी कामच केलेलं नाही. तिथून तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवायला लागता.

दोन जागा जवळून सांगतो. पहिली, ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ची. हे गाणं स्टेडियममध्ये मुठी उंचावून म्हणायचं म्हणून जगाला माहीत आहे. इथे तो बारा तारांच्या गिटारवर स्लाइड, म्हणजे बोटात घालायची नळी, घासतो, करवतीसारखा आवाज निघतो, आणि शब्द जवळजवळ साथीशिवाय, ओरडल्यासारखे येतात. त्याआधी तो आपल्या पहिल्या बँडमधल्या, व्हिएतनाममध्ये मारल्या गेलेल्या ड्रमरची आठवण सांगतो. स्वतः सक्तीच्या लष्करभरतीतून सुटलो, मग आपल्या जागी कोण गेलं असेल, हा विचार मनातून जात नाही असंही सांगतो. इतकी वर्षं हे गाणं चुकीचं ऐकलं, असं म्हणणारे लोक मला भेटलेत. दुसरी जागा वडिलांची. स्प्रिंगस्टीन स्वतः बाप होणार, त्याच्या थोडे दिवस आधी वडील न कळवता दारात येतात. आयुष्यभर न बोलणारा तो माणूस, आपण चांगलं वागलो नाही, एवढं कसंबसं बोलतो. कॅमेरा हलत नाही. किस्सा पुस्तकातून माहीत असणाऱ्यांचीही कुरकुर या ठिकाणी थांबते.

हा चित्रपट शंभर टक्के एकट्याचा नाही, हेही सांगून ठेवतो. दोन गाण्यांना त्याची पत्नी पॅटी स्कॅल्फा येते. काहींना त्याने तंद्री मोडते असं वाटतं. मला उलट तिथे श्वास घ्यायला जागा मिळाली.

आता त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला निक केव्हचा ‘इडियट प्रेयर’. जून 2020, लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसचा वेस्ट हॉल. महामारीमुळे बँडसोबतचा दौरा पुढे ढकललेला. भल्यामोठ्या रिकाम्या सभागृहाच्या मधोमध इटालियन बनावटीचा एक फाझिओली पियानो, सूट घातलेला केव्ह, आणि 22 गाणी. समोर एकही प्रेक्षक नाही, टाळी नाही, दोन गाण्यांच्या मध्ये एक शब्द नाही. छायाचित्रण रॉबी रायनचं.

23 जुलै 2020 ला हा चित्रपट तिकीट काढून ऑनलाइन दाखवला गेला, तोही ठरल्या वेळेला, एकदाच. मध्ये थांबवायची किंवा मागे न्यायची सोय मुद्दाम ठेवली नव्हती. यावरून चाहत्यांत दोन तट पडले. पैसे देऊनही पाणी प्यायला उठता येत नाही, नेट अडकलं तर गाणं गेलं, हा एक सूर. घरात कोंडलेल्या त्या दिवसांत ‘आज आठ वाजता कार्यक्रम आहे’ एवढं वाटण्यासाठीच तिकीट काढलं, हा दुसरा. मी दुसऱ्या बाजूचा. पुढे नोव्हेंबरमध्ये तो चित्रपटगृहांसाठी आणि अल्बम म्हणूनही आला, त्यामुळे आज बघणाऱ्याला ती अडचण नाही. पण माझं ऐकाल तर पहिल्यांदा बघताना तो नियम स्वतःच पाळा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

केव्हबद्दलची खरी तक्रार संथपणाची आहे. ज्यांनी त्याला बँडसोबत पाहिलंय, त्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो गर्दीत उतरणारा, लोकांच्या हातांवर तोल सांभाळणारा, गरजणारा गायक. ‘द मर्सी सीट’ हे गाणं बँडसोबत वादळासारखं येतं. मृत्युदंडाची वाट बघणाऱ्या कैद्याचं ते गाणं इथे नुसत्या पियानोवर, वाढत जाणाऱ्या नाडीसारखं वाजतं. कुणाला हे गाण्याचे दात काढून घेतल्यासारखं वाटलं, कुणाला शब्द पहिल्यांदाच नीट ऐकू आले. मला शब्द ऐकू आले. तेच ‘जुबिली स्ट्रीट’चं. पण सलग 22 गाणी एकाच वाद्यावर आणि बहुतेक एकाच संथ लयीत हेही खरं. गाणी ओळखीची नसतील तर मध्यावर लक्ष सुटू शकतं, आणि तसं झालं तर दोष तुमचा नाही.

आणखी एक गोष्ट. 2015 साली केव्हचा पंधरा वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतरची गाणी ज्यांनी ऐकलीत, त्यांना या रिकाम्या सभागृहाचा अर्थ वेगळा लागतो. तो कुणासाठी गातोय, हा प्रश्न त्यांना पडत नाही. म्हणूनच हा चित्रपट पाहून रडलेले चाहते आणि ‘छान आहे, पण लांबला’ म्हणणारे नवखे, दोघेही खरं बोलतात. स्प्रिंगस्टीन तुम्हाला आपली माहिती देतो आणि मग गातो. केव्ह गृहीत धरतो की ती तुमच्याकडे आहे.

नील यंगचे दोन चित्रपट मात्र जोडीनेच तोलावे लागतात, कारण त्यांच्यामध्ये 52 वर्षं आहेत.

‘यंग शेक्सपियर’ हे चित्रण 22 जानेवारी 1971 चं आहे, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपियर थिएटरमधलं, 16 मिमी फिल्मवरचं. यंग तेव्हा 25 वर्षांचा. पाठीच्या दुखण्याने त्याला पट्टा बांधावा लागत होता, जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घेऊन उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून तो दौराच बसून, अकूस्टिक गिटार आणि पियानोवर झाला. दुखण्यातून निघालेल्या त्या सक्तीने त्याची सगळ्यात कोवळी गाणी आपल्याला दिली.

यावर चाहत्यांची कुरकुर अशी: पुन्हा 1971? तीन दिवस आधीची, 19 जानेवारीची टोरांटोच्या मॅसी हॉलमधली मैफल 2007 सालीच बाहेर आली होती, गाणी बरीचशी तीच, आणि त्याच हिवाळ्यातली इतरही रेकॉर्डिंग नंतर एकेक करून निघाली. ज्याच्या कपाटात हे सगळं आहे त्याला बारा गाण्यांचा, पाऊण-एक तासाचा हा चित्रपट आणखी एक भर वाटणार. पण जाणकार चाहत्यांनी एक गोष्ट लगेच ओळखली. 2007 च्या मॅसी हॉल संचासोबत जी चित्रफीत होती, तिच्यात आवाज टोरांटोचा आणि चित्रं स्ट्रॅटफर्डची अशी सांगड घातली होती. बोटं एका रात्रीची, सूर दुसऱ्या रात्रीचे. 2021 मध्ये ‘यंग शेक्सपियर’ आला तेव्हा त्या चित्रांना त्यांचा स्वतःचा आवाज मिळाला. टोरांटो हे यंगचं जन्मगाव, तिथे घरच्या पोराचं कौतुक होतं. स्ट्रॅटफर्डची रात्र जास्त शांत आहे असं खुद्द यंगचंही मत आहे, आणि ऐकताना ते पटतं.

ही शांतता एकदा नीट ऐका. केस चेहऱ्यावर आलेला तो पोरगा पियानोवर बसतो आणि एका गाण्याच्या पोटातून ‘हार्ट ऑफ गोल्ड’ काढतो. आज जगात कुठेही हे गाणं सुरू झालं की पहिल्या सुरालाच टाळ्या पडतात. इथे काहीच होत नाही. लोक गप्प. कारण गाणं रेकॉर्डवर यायला अजून वर्ष आहे, ते पुढे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाईल हे त्या सभागृहात कोणालाच माहीत नाही. ‘ओल्ड मॅन’चंही तेच, यंगच्या शेतावर राखण करणाऱ्या म्हाताऱ्यावरचं गाणं, तेव्हा कोरं करकरीत. ओळखीचं गाणं अनोळखी असतानाचं ऐकायला मिळणं, हे या चारांपैकी दुसऱ्या कुठल्याच चित्रपटात नाही.

‘कोस्टल’ हा 2023 च्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एकल दौऱ्याचा कृष्णधवल चित्रपट, दिग्दर्शन यंगची पत्नी डॅरिल हॅनाचं. 17 एप्रिल 2025 ला तो जगभर चित्रपटगृहांत दाखवला गेला. चाहत्यांची नाराजी बसवर आहे. दौऱ्याच्या बसमध्ये यंग पुढे बसून चालकाशी गप्पा मारतो: रस्ता, हवा, इकडचं तिकडचं. गाणी ऐकायला तिकीट काढलेल्यांना हे लांबलं असं वाटलं, आणि मलाही वाटलं. बारीक कात्री हवी होती.

पण दौरा मात्र धीट होता. ज्या गाण्यांसाठी लोक येतात त्यांतली कित्येक बाजूला ठेवून यंगने क्वचित गायलेली काढली. तरुणपणीचं, मुळात खणखणीत इलेक्ट्रिक असलेलं ‘मिस्टर सोल’ तो पायाने भाता मारायच्या ऑर्गनवर वाजवतो. आपल्या संगीत नाटकांच्या साथीला असायचा त्याच जातीचं हे वाद्य, आणि तो भरलेला, किंचित दमेकरी सूर मराठी कानाला परका वाटत नाही. सत्तरी केव्हाच ओलांडलेला आवाज, कुठे चिरकतो, कुठे पोचत नाही. ‘आवाज गेला’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पण 1971 चा आवाज ताजा कानात असताना हा ऐकला, तर चिरकण्याचाही अर्थ लागतो.

(यंगचाच, जोनाथन डेमीने केलेला ‘नील यंग जर्नीज’ कोणी सुचवेल. त्यात यंग एकटाच आहे, पण बराच वेळ इलेक्ट्रिक गिटार कडाडत असते. माइकला लावलेल्या कॅमेऱ्यावर उडालेला थुंकीचा थेंब तसाच ठेवलाय, इतका जवळचा चित्रपट आहे. अकूस्टिक हवं असेल तर तो नंतर.)

मग ठरवायचं कसं? यांपैकी एकाही गायकाचं गाणं तुम्ही ऐकलेलं नसेल, इंग्रजी बोलणं उपशीर्षकांसह आरामात समजत असेल, तर स्प्रिंगस्टीन. अडीच तास हातात ठेवा आणि दोन भागांत तोडू नका, कारण शेवटाकडे तो बालपणीच्या घरापुढच्या झाडाशी परत जातो तेव्हा सुरुवातीचं गाव आठवणीत असावं लागतं. बोलणं नको, फक्त गाणं हवं आणि तासभराच्या वर बसवणार नसेल, तर ‘यंग शेक्सपियर’, दुसरा विचार करू नका. गिटार शिकणाऱ्या मुलामुलींनाही तोच दाखवावा, बोटं स्वच्छ दिसतात.

केव्हसाठी थोडी तयारी लागते. आधी त्याची पाच-सहा गाणी बँडसोबत ऐका, ‘द मर्सी सीट’ आणि ‘इंटू माय आर्म्स’ त्यात असू द्या, मग हा लावा. टीव्हीचे स्पीकर नकोत, हेडफोन घ्या, पियानोच्या खालच्या पट्टीत बरंच काही आहे. नुकतंच घरातलं कोणी गेलं असेल, तर हा चित्रपट एक तर फार जवळचा वाटेल किंवा पंधरा मिनिटांत बंद करावासा वाटेल. बंद करावासा वाटला तर करा, नंतर कधीतरी बघता येईल.

‘कोस्टल’ एकटा लावू नका. ‘यंग शेक्सपियर’ शनिवारी बघा आणि रविवारी तो. बसमधल्या गप्पा सुरू झाल्या की चहा टाकायला उठलात तरी चालेल, ऑर्गनचा आवाज आला की मात्र परत या.