लातूरमधील मुलींचे वसतिगृह : वर्षभराचा अनुभव

माझी मुलगी नीट परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला राहते. अकरावीचे पहिले चार महिने ती एका वसतिगृहात होती आणि आता वर्ष झाले, दुसऱ्या वसतिगृहात आहे. दोन्हींची नावे मी येथे देत नाही. मुलांना लातूरला ठेवणाऱ्या पालकांनी खोली पाहायला गेल्यावर नेमके काय पाहावे, हे सांगण्यासाठी मी लिहीत आहे.

पहिले वसतिगृह आम्ही सोयी पाहून निवडले होते. वातानुकूलित अभ्यासिका रात्रभर उघडी, वायफाय अखंड, चहा-कॉफीचे यंत्र जिन्यापाशीच. मुलगी दीड वाजेपर्यंत अभ्यासिकेत बसे, मध्ये भूक लागली की नूडल्स खाई आणि सकाळी साडेसहाच्या क्लाससाठी नाश्ता न करताच पळे. दिवाळीला ती घरी आली तेव्हा धाकट्या भावाशी दोन वाक्येही धड बोलेना. डोके सतत दुखायचे, एवढ्या-तेवढ्या कारणाने डोळे भरून यायचे, आणि एक दिवस ती म्हणाली, "आई, तेच पान तीनदा वाचते, तरी काही राहत नाही." उदगीरला डॉक्टरांकडे नेले, तर त्यांनी रक्ततपासणी लिहून देण्याआधी पहिला प्रश्न विचारला, झोप किती तास होते? उत्तर होते पाच तास.

पौगंडावस्थेत मेलॅटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे या वयातल्या मुलांना लवकर झोप येत नाही, यात त्यांचा आळस किंवा हट्ट नसतो. त्यातच हातात मोबाइल आणि पोटात रात्रीची कॉफी असली, की झोप आणखी लांबते. कॅफिनचा निम्मा अंश शरीराबाहेर जायलाच साधारण पाच तास लागतात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. ती मिळाली नाही तर चिडचिड आणि उदासी वाढते, मन अस्वस्थ झाले की उरलीसुरली झोपही उडते, आणि हे रहाटगाडगे मुलाला एकट्याने थांबवता येत नाही. म्हणून माझ्या मते वसतिगृहाचे वेळापत्रक हीच त्याची सर्वांत मोठी सोय आहे.

आताचे वसतिगृह जुन्या दुमजली इमारतीत आहे. एका खोलीत तिघी, उन्हाळ्यात कूलर, भिंतींचा रंग उडालेला. परंतु रात्री साडेनऊला सर्व मोबाइल रेक्टर काकूंच्या खोलीतील लाकडी फळीवर जातात. प्रत्येकीची कापडी पिशवी वेगळी, तिच्यावर खोलीचा क्रमांक दोऱ्याने शिवलेला. दहाला दिवे बंद होतात आणि सहाला घंटा वाजते. संध्याकाळी तासभर गच्चीवर बॅडमिंटन किंवा दोरीवरच्या उड्या असतात. या वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. सुरुवातीला मुलीने फार कुरकुर केली, मैत्रिणी रात्री पुढे निघून जातील ही भीती तिला होती. मी तिला एवढेच दाखवून दिले की नीटचा पेपर दुपारी दोन ते पाच या वेळेत असतो, त्यामुळे मेंदू ताजातवाना हवा तो त्या वेळी.

मला या वसतिगृहाची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती मेसच्या दाराशी ठेवलेली वही. जेवण साधेच असते, भाकरी, उसळ, पालेभाजी, वरणभात, शेंगदाण्याची चटणी. पण कोण जेवायला आले नाही आणि कोणाचे ताट तसेच परत गेले, याची नोंद काकू रोज करतात. मागच्या सप्टेंबरात माझ्या मुलीच्या नावापुढे सलग तीन रात्री "अर्धी भाकरी" असे लिहिले होते. चौथ्या दिवशी काकूंनी तिला जवळ बसवून विचारले, तेव्हा सराव चाचणीत गुण घसरल्याचे तिने आमच्यापासून लपवले होते ते बाहेर आले. त्याच संध्याकाळी मला फोन आला. "रागावू नका, फक्त रविवारी येऊन जा," काकू म्हणाल्या. मी गेले, आम्ही दोघी नुसत्या चालत राहिलो, आणि ती तासभर बोलली. मुले मनातले सांगत नाहीत, पण त्यांचे जेवण आणि झोप ते आधी सांगून टाकतात. ते वाचणारे माणूस जवळ असावे लागते.

दिनचर्येने सगळे बरे होते, असा माझा दावा नाही. उदासी दोन आठवडे हटली नाही, किंवा जगणे नको अशी भाषा तोंडी आली, तर तज्ज्ञांकडेच जायला हवे, आणि दुसऱ्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नये. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक येथे मोबाइलच्या फळीशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. तो विनामूल्य असून दिवसरात्र चालतो.

उणिवा आहेत. सकाळी स्नानगृहापुढे रांग लागते, भाजीत तेल जास्त असते, उशिराच्या बॅचच्या मुलींना गार जेवण मिळते. काकू सुट्टीवर गेल्या की बदली बाई वही उघडतही नाहीत, आणि ही मला सर्वांत गंभीर त्रुटी वाटते. शिवाय चाचण्यांच्या आठवड्यात गच्चीवरचा खेळाचा तास रद्द होतो, म्हणजे मुलींना त्याची गरज सर्वाधिक असते नेमका तेव्हाच. याविषयी आम्ही सात पालकांनी मिळून लेखी अर्ज दिला आहे. उत्तर पुढच्या महिन्याच्या पालकसभेत मिळणार आहे.