आंबेडकर हाउस, १० किंग हेन्रीज रोड, लंडन

लंडनच्या भुयारी रेल्वेने, नॉर्दर्न लाइनच्या एजवेअर शाखेवर चॉक फार्म स्टेशनला उतरा, रेल्वेवरचा पूल ओलांडा, काही मिनिटांत घर येतं. रांगेतल्या इतर घरांसारखंच हे उभट व्हिक्टोरियन घर. ओळख पटते ती निळ्या फलकावरून. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. पुढे ते खासगी घरच राहिलं. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन स्मारक केलं.

खरी अडचण इथेच झाली. इंग्लंडमध्ये घर विकत घेतलं म्हणजे त्याचा वापर बदलता येतो, असं नाही. निवासी जागेचं संग्रहालय करायला वेगळी परवानगी लागते. तिथल्या स्थानिक पालिकेने, कॅम्डेन कौन्सिलने, ती नाकारली. २०१९ ला जाहीर चौकशी झाली, मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. हा निकाल अगदी योग्य होता.

मोठ्या सभागृहाची अपेक्षा ठेवू नका. खोल्या घराच्याच मापाच्या, म्हणून चार-पाच जणांनी मिळून गेलेलं उत्तम. वेळा आधी तपासा. शेजारी लोक राहतात. घोषणा, ढोल नकोत. पायऱ्या चढताना घाई करू नका, शिकणाऱ्या माणसाचं घर म्हणून पाहा.