प्रथमोपचार पेटी: तयार घ्यावी की स्वतः भरावी?

तयार पेटीचा मोठा गुण असा की, मूलभूत वस्तू तिच्यात एकाच ठिकाणी मिळतात आणि डोंगरभटकंतीला निघण्याच्या आदल्या रात्री धावाधाव करावी लागत नाही. मात्र अशा अनेक पेट्यांत लहान चिकटपट्ट्यांचाच भरणा असतो. डोंगरवाटेवर प्रत्यक्षात छळतात ते टाचेवरचे फोड, मुरगळलेला घोटा आणि सोलवटलेला गुडघा, आणि तिथे त्या पट्ट्या अपुऱ्या पडतात.

स्वतः पेटी भरताना रुंद क्रेप बँडेज, मोठे निर्जंतुक गॉझ, हातमोजे आणि काटे किंवा गोचीड काढण्यासाठी बारीक टोकांचा चिमटा आठवणीने घेता येतो. दम्याचा इनहेलर किंवा रोजची औषधे तर कोणत्याही तयार पेटीत मिळणार नाहीत. ओआरएसच्या पाकिटांबाबत थोडी सावधगिरी हवी: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेले २०.५ ग्रॅमचे पाकीट १ लिटर पाण्यासाठी असते, त्यामुळे अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते पूर्ण ओतल्यास द्रावण प्रमाणापेक्षा तीव्र होते.

स्वतः भरलेल्या पेटीचा दोष एकच, पण गंभीर: एखादी वस्तू विसरली, तर ते जंगलात गेल्यावरच कळते. औषधांची मुदत तपासण्याचे काम दोन्हींत सारखेच.

एका दिवसाच्या भटकंतीला तयार पेटी पुरते. मुक्काम असेल, तर तीच पेटी विकत घेऊन तिच्यातील निम्म्या चिकटपट्ट्या काढाव्यात आणि त्या जागी वरील वस्तू भराव्यात, हे मला अधिक व्यवहार्य वाटते.