नसलेल्या एअरफ्लो सेन्सरचं बिल

गाडी आयडलिंगला (उभी असताना, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) थरथरते, पिकअप नाही, चेक इंजिनचा दिवा लागलेला. स्कॅनरवर पी ०१७१ कोड दिसतो आणि लगेच निकाल लागतो: "एअरफ्लो सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." हा कोड फक्त एवढंच सांगतो की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर खराब झाल्याचं तो सांगत नाही. लुबाडणूक इथूनच सुरू होते.

सगळ्यात संतापजनक प्रकार म्हणजे गाडीत नसलेला सेन्सर "बदलणं". एअरफ्लो सेन्सर, म्हणजेच मॅफ, एअर फिल्टरचा डबा आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्या मधल्या वाटेवर बसतो. त्यातली तापवलेली तार किंवा फिल्म हवेने गार होते. ती तापलेली ठेवायला किती करंट लागतो त्यावरून हवेचं वस्तुमान कळतं. पण अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत तो नसतोच. तिथे मॅनिफोल्डवरचा (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांवरचा) मॅप सेन्सर आतला दाब सांगतो, आणि दाब, हवेचं तापमान व आरपीएम यांवरून ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) हवेचा हिशोब करतो. फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत नळी तपासा. तिच्यावर दोनच तारांचा प्लग असेल तर तो बहुधा नुसता तापमानाचा सेन्सर, आणि ग्राहकाला बोट दाखवायला नेमका तोच वापरला जातो. मोबाइल अ‍ॅपवर ग्रॅम प्रति सेकंद आकडा दिसला तरी भुलू नका. काही अ‍ॅप तो मॅपवरून काढून दाखवतात.

मॅफ खरोखर असेल, तर पैसे देण्याआधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघायला मागा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय ते. इंजिन गरम, एसी बंद. शॉर्ट (क्षणाक्षणाची) आणि लाँग (साठत गेलेली) ट्रिमची बेरीज आयडलला +२० टक्क्यांच्या आसपास आणि २५०० आरपीएमला बरीच उतरली, तर मॅफच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, नळी किंवा गॅस्केट हवा ओढतंय. मॅफने न मोजलेली ही हवा आयडलला जास्त जाणवते. सेन्सर बदलून हे जाणार नाही, स्मोक टेस्ट करून (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघून) गळती शोधा. उलट आयडलला ट्रिम ठीक आणि लोडवर (इंजिनावर जोर पडताना) चढत गेली, तर फ्युएल प्रेशर तपासून मगच मॅफवर संशय घ्या. आधी तो नुसता साफ करा. सेन्सर थंड, इग्निशन बंद, मॅफ क्लीनरचे १०-१२ फवारे, पूर्ण वाळू द्या. कापूस, फडकं, कॉम्प्रेसरची हवा नको. कार्ब्युरेटर धुवायचा कार्ब क्लीनर तर मुळीच नको.

मॅप असलेल्या गाडीत अशी गळती वेगळी दिसते. आत शिरलेल्या हवेने दाब वाढतो, ईसीयू पेट्रोलही वाढवतो, म्हणून ट्रिम बहुतेक ठीक राहते आणि आयडल आरपीएम चढतो.

डुप्लिकेट मॅफ आयडलला फसवतो. १.२ लिटर पेट्रोल इंजिनाला तिथे साधारण २ ते ३ ग्रॅम प्रति सेकंद दिसतात, नकली सेन्सरही तेवढे दाखवतो. पूर्ण थ्रॉटलला ५५०० आरपीएमजवळ आकडा ५० च्या आसपास पोचायला हवा. फिल्टर स्वच्छ असूनही तो ३० वर अडकला, तर सेन्सर बहुधा कमी मोजतोय.

जुनाच सेन्सर धुऊन नव्याचं बिल लावणंही सर्रास चालतं. गाडी सोडण्याआधी सेन्सरच्या बॉडीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, पार्ट नंबरचा फोटो काढा आणि काढलेला भाग नव्याच्या खोक्यासकट परत मागा.