कॉलेज स्कोअरकार्ड, आठ महिन्यांनंतर: थिएटरची पदवी आणि तो 27,000 चा आकडा

कॉलेज स्कोअरकार्ड ही अमेरिकेच्या शिक्षण खात्याची साइट: कुठल्या कॉलेजातून कुठला विषय घेऊन बाहेर पडलेल्यांचं उत्पन्न किती आणि कर्ज किती, ते दाखवते. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, जाहिराती नाहीत. पहिल्या महिन्यात पाचपैकी साडेचार तारे दिले असते. आज अडीच. थिएटर सोडून दुसरा विषय असता तर कदाचित साडेतीन.

आधी वापरायची रीत. कॉलेजच्या मुख्य पानावर पदवीधरांचं जे उत्पन्न दिसतं, ते थिएटरसाठी बघूच नका. तो आकडा इंजिनिअरिंग आणि नर्सिंगवाल्यांनी वर उचललेला असतो. थेट ‘फील्ड्स ऑफ स्टडी’मध्ये जा आणि ‘ड्रामा/थिएटर आर्ट्स अँड स्टेजक्राफ्ट’ शोधा. सरकारी वर्गीकरणात त्याचा क्रमांक 50.05.

इथे पहिला खडा लागतो. या एका क्रमांकाखाली अभिनय, दिग्दर्शन, म्युझिकल थिएटर, नाट्यलेखन आणि नेपथ्य-प्रकाशयोजनेचं तांत्रिक शिक्षण असं सगळं एकत्र येतं. दर आठवड्याला पगार घेणारा लाइटवाला आणि दोन ऑडिशनच्या मध्ये अडकलेला नट, दोघांचा मिळून एकच मध्यक (म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा). त्याच कॉलेजात बीए आणि ऑडिशन देऊन मिळणारी बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) दोन्ही असतील, तर त्याही एकाच ओळीत. शिवाय उत्पन्न करखात्याकडून आलेलं असतं, म्हणजे ते कुठल्याही कामाचं असतं. हॉटेलात वाढपी म्हणून मिळालेले पैसेही ‘थिएटरच्या पदवीधराचं उत्पन्न’ म्हणूनच मोजले जातात. आणि एजंटचे 10 टक्के त्यातून वजा नसतात. पगारावर काम करणाऱ्या नटाला ते कमिशन 2018 पासून फेडरल (केंद्र सरकारच्या) करातही सहसा वजा करता येत नाही. अपवाद आहे, पण त्यासाठी एकूण उत्पन्न 16,000 डॉलरच्या वर जाता कामा नये. ही मर्यादा 1986 च्या कायद्यापासून हललेली नाही!

लहान तुकड्यांचे आकडे गोपनीयतेसाठी झाकलेले असतात. निवडक अभिनय-अभ्यासक्रमांच्या तुकड्या लहानच, त्यामुळे नेमक्या हव्या त्या ओळीत रिकामी जागा दिसली तर नवल नाही.

एवढं सगळं चालवून घेतलं असतं. डोकं फिरतं ते कर्जाच्या रकान्यात. कॉलेजमागून कॉलेज बघत गेलात की महागड्या कॉलेजांचं ‘मध्यक कर्ज’ पुन्हा पुन्हा 27,000 डॉलरच्या आसपास येऊन थांबतं. वाटतं, वा, वर्षाला 22,000 भरायचे काय आणि 45,000 भरायचे काय, मुलांवर कर्ज तेवढंच. पण ते सरकारने घातलेलं झाकण आहे. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला फेडरल कर्ज पहिल्या वर्षी 5,500, दुसऱ्या वर्षी 6,500, तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रत्येकी 7,500 डॉलरपर्यंतच मिळतं. बेरीज करा: 27,000. भांडं भरलं की पाणी बाहेर सांडतं, आणि हा रकाना फक्त भांड्यातलं मोजतो. सांडलेलं पाणी पॅरेंट प्लस कर्जात (हे पालकांच्या नावावरचं फेडरल कर्ज) आणि खासगी बँकेच्या कर्जात जातं.

म्हणून कागदावर हे करा. कॉलेजच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमधून (मदत वजा जाता किती भरावं लागेल याचा अंदाज देणारं साधन) वर्षाचा खरा खर्च काढा. समजा 22,000. चार वर्षांचे 88,000, फी वाढली नाही असं धरून (वाढतेच). त्यातून 27,000 वजा केले की उरले 61,000. हे पॅरेंट प्लसने उचलायचे तर 4.228 टक्के शुल्क आधीच कापलं जातं. म्हणजे हातात 61,000 पडायला सुमारे 63,700 चं कर्ज काढायचं. 2025-26 च्या 8.94 टक्के दराने 10 वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता सुमारे 805 डॉलर. मुलाच्या स्वतःच्या 27,000 चा 6.39 टक्क्यांनी आणखी 305. घरातून महिन्याला 1,110, वर्षाला 13,300 च्या वर. शिकत असताना चढणारं व्याज यात धरलेलंच नाही. साइटवरचा रकाना यातले फक्त 305 वाले दाखवतो.

स्कॉलरशिपचं पत्र आलं तर आकड्याच्या आधी अटी वाचा. थिएटर विभागाची ‘टॅलेंट’ स्कॉलरशिप अनेकदा त्याच विभागात राहण्यावर किंवा ठरावीक ग्रेडवर अवलंबून असते. दुसऱ्या वर्षी विषय बदलला की वरचं गणित कोलमडतं.

आता थोडं माघारी यावं लागेल. ‘साइट पालकांचं कर्ज लपवते’ असं लिहिणार होतो, ते चूक आहे. पॅरेंट प्लसचा मध्यक तिथे वेगळा दिलेला असतो, फक्त मुलाच्या कर्जात मिळवलेला नसतो. तो ज्यांनी हे कर्ज घेतलं त्यांच्यापुरताच आहे, हे लक्षात ठेवून वापरा. त्याबद्दल अर्धा तारा परत दिला, तो वरच्या अडीचमध्ये धरलेला आहे. खासगी कर्ज मात्र कुठेच नाही. आणि आकडे फेडरल मदत घेणाऱ्या विद्यार्थ्यांचेच असल्याने भारतातून एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावर आलेली मुलं यात मुळीच मोजलेली नसतात. त्यांच्या पालकांनी या साइटवरचा उत्पन्नाचा आकडा धरून कर्ज काढू नये.

पदवीनंतर एमएफएचा (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) विचार असेल तर उत्पन्नापेक्षा फीकडे आधी बघा. येलची नाट्यशाला 2021 पासून शिकवणी-शुल्क घेत नाही. उलट हार्वर्डशी जोडलेल्या एका नाट्यप्रशिक्षण संस्थेने 2017 मध्ये प्रवेश थांबवले, कारण तिथल्या पदवीधरांचं कर्ज 78,000 च्या घरात आणि वार्षिक उत्पन्न 36,000 च्या आसपास होतं. नाव हार्वर्डचं असून हे गणित.

1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी पॅरेंट प्लसला मर्यादा आली आहे: वर्षाला 20,000 आणि एका मुलामागे एकूण 65,000. पहिल्या वर्षी 24,000 लागत असतील तर वरचे 4,000 खासगी बँकेकडे, म्हणजे साइटला न दिसणाऱ्या खिशात. आणि साइटवरचे आकडे आधीच पदवी घेऊन गेलेल्या तुकड्यांचे असल्याने हा फरक तिथे उमटायला काही वर्षं लागतील.