डीसी की डीसीसी? मिरज जंक्शन टेबलावर मांडताना

मॉडेल रेल्वेचा कंट्रोलर सांगलीत बसून घ्यायचा, तर बटणं किती आहेत यापेक्षा एक प्रश्न मोठा: जळला तर इथे उघडून दुरुस्त होईल का? त्याच कसोटीवर तीन पर्याय पाहू: साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर, परदेशी बनावटीचा तयार डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) संच आणि अर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डावर चालणारा डीसीसी-ईएक्स.

डीसीचं गणित सोपं. रुळांत ० ते १२ व्होल्ट, जास्त दिले की गाडी पळते, पोलॅरिटी उलटली की मागे येते. आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, एखादा ट्रान्झिस्टर; रेडिओ दुरुस्त करणारा कुणीही उघडू शकतो. आठ बाय चार फुटांचा प्लाय, एक गोल लाइन, एकच गाडी असेल तर विषय इथेच संपला, हाच घ्या. फक्त अमेरिकेतून आणलेल्या सेटचा पॉवर पॅक बहुधा १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात गेला की धूर निघतो.

अडतं ते मिरज मांडायला घेतल्यावर. पुणे, कोल्हापूर, पंढरपूर, बेळगाव अशा चार बाजूंच्या लायनी, यार्डात एक इंजिन उभं, दुसरं डबे ढकलतंय. डीसीत यासाठी रूळ तोडून सेक्शन करावे लागतात आणि प्रत्येकाला मध्ये ऑफ असलेला डीपीडीटी (दोन्ही तारा एकदम पालटणारा) स्विच. पाच-सहा सेक्शनपर्यंत मजा येते. पंधरावर गेलं की माणूस गाडी नाही, स्विच चालवत बसतो.

डीसीसीत रुळांवर साधारण १४-१५ व्होल्ट कायम असतात, दिशा सतत पालटणारे, आणि त्या पालटण्यातच हुकूम भरलेला असतो. आपल्या नंबरचा हुकूम आला की इंजिनातला डीकोडर मोटर फिरवतो. सगळी इंजिनं एकाच रुळावर, हेडलाइट उभ्या गाडीतही पेटलेला. तयार संच खोक्यातून काढल्यापासून झकास चालतो, यात वाद नाही. पण आउटपुट गेलं की तो पार्सलनं बाहेरगावी जातो, आणि गाड्या थांबतात.

म्हणून आमचं झुकतं माप डीसीसी-ईएक्सला. अर्डुइनो मेगा, त्यावर मोटर शील्ड (रुळांना करंट देणारा वरचा बोर्ड), १५ व्होल्टची डीसी सप्लाय, सॉफ्टवेअर फुकट. शील्डचं ए आउटपुट मुख्य लाइनला, बी प्रोग्रॅमिंगच्या तुकड्याला, म्हणजे डीकोडरची सेटिंग बदलायच्या वेगळ्या रुळाला. चिप थोडे व्होल्ट स्वतःच खाते, त्यामुळे रुळांवर १३ च्या आसपास पोचतात, एचओला (१:८७ प्रमाणाच्या गाड्यांना) पुरे. शील्डला ९ च्या वर व्होल्ट द्यायचे तर तिच्यावरचा ‘व्हिन कनेक्ट’चा जोड आधी कापा. तो राहिला तर तेच व्होल्ट मेगात शिरतात. प्रत्येक आउटपुटला २ अँपिअरची मर्यादा आहे, म्हणजे दोन-तीन गाड्या आरामात. डझनभराचं स्वप्न असेल तर वेगळा बूस्टर लागेल.

खरा खर्च डीकोडरचा, आणि तो कुठल्याही डीसीसीत चुकत नाही. दहा जुनी इंजिनं म्हणजे दहा डीकोडर. सॉकेट नसलेल्या इंजिनात लाल-काळी तार चाकांकडे, नारिंगी-करडी मोटरकडे. मोटरचं एकही टोक चासीला लागलेलं नको. मल्टिमीटरनं आधी तपासा. लागलं असेल तर डीकोडर पहिल्याच क्षणी जातो. डीसीवर १२ व्होल्ट देऊन चाकं क्षणभर धरा, मोटर किती अँपिअर ओढते ते बघा. १ अँपिअरच्या वर गेली तर मोठा डीकोडर घ्या. फॅक्टरीचा नंबर ३ असतो, तो सीव्ही १ मध्ये बदला (सीव्ही म्हणजे डीकोडरमधलं नंबर दिलेलं सेटिंग). सीव्ही २९ मध्ये बहुधा ६ असतात, ते २ करा; त्यानं डीसीवर चालण्याची सोय बंद होते आणि रुळांवर गडबड झाली की इंजिन आपोआप सुसाट सुटत नाही.

वायरिंगमध्ये कंजूषपणा नको. टेबलाखाली १.५ चौरस मिमीची घरगुती वायर दोन रंगांत, दर मीटरला ०.५ ची तार रुळाला सोल्डर करून. फिशप्लेटच्या (रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) भरवशावर राहू नका. मग सगळीकडे फिरून दोन रुळांवर रुपयाचं नाणं टाका. प्रत्येक ठिकाणी सप्लाय ट्रिप झालीच पाहिजे. जिथे होत नाही तिथे तार बारीक किंवा जोड कच्चा आहे, आणि गाडी घसरली की तिथेच प्लास्टिक वितळणार.

पावसाळ्यात रूळ काळवंडतात. डीसीवर गाडी नुसती अडखळते, डीसीसीवर डीकोडर बंद पडून पुन्हा सुरू होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. सँडपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी बसतो.

जुन्या मिरजेची हौस असेल तर बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेजही मांडता येते. ७६२ मिमीचे ८७ भाग केले की पावणेनऊ मिमी येतात, म्हणजे ९ मिमीचे एन गेजचे रूळ चालतात. एवढ्याशा इंजिनात डीकोडर कोंबायला जागा फारशी नसते. रूळही वेगळे, मोठ्या लाइनला कुठेच लागत नाहीत. तिथे डीसीच ठेवा.